पेशंटबरोबर कोण आहे?

"पेशंटबरोबर कोण आहे?" काउंटरवरच्या वैष्णवीने मान वर न करता विचारलं.

"मुलगा आहे," चंद्रशेखर परुळेकर म्हणाले. "गाडी लावतोय."

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. परुळेकरांना मुलगा नव्हता. मुलगी होती, जाई, ती हैदराबादला नोकरीला. गाडी तर त्यांनी आयुष्यात घेतली नव्हती. पण नेरूळमध्ये शनिवारी सकाळी गाडी लावायला गेलेला माणूस अर्धा दिवस परत आला नाही तरी कोणाला आश्चर्य वाटत नाही, एवढा विचार करून त्यांनी ही थाप घरूनच तयार करून आणली होती.

त्यांची लहान आतड्याची एक्स-रे तपासणी होती. गेले काही महिने पोट फुगायचं, दुखायचं, वजनही उतरलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि शिरवणे गावाच्या अलीकडचं हे सेंटर सांगितलं. सेंटरने फोनवर सूचना दिल्या. आदल्या दिवशी हलकं जेवायचं, संध्याकाळी पोट साफ व्हायची पावडर घ्यायची, त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. अंगावर चेन, अंगठी, करदोटा काही नको. आणि बरोबर एक नातेवाईक पाहिजेच, वयस्कर पेशंटला आम्ही एकटं घेत नाही.

सरकारी खात्याच्या आवक-जावक विभागात जन्म घालवलेल्या परुळेकरांना सूचना पाळणं मनापासून आवडायचं. पावडर त्यांनी घेतली. बायको, शर्मिलाबाई, गेल्यानंतरही बोटात राहिलेली अंगठी साबण लावून काढली. फक्त शेवटच्या सूचनेपाशी त्यांचं घोडं अडलं. सोसायटीत माणसं काही कमी नव्हती. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण "काका, काही लागलं तर हक्काने सांगा हं" असं म्हणून पुढे जायचा. परुळेकरांनी दोनदा हक्काने सांगूनही पाहिलं. तळमजल्यावरच्या इंद्रजितची त्याच दिवशी ऑफिसची पिकनिक होती. सेक्रेटरी क्रांती मॅडम म्हणाल्या, "अय्यो काका, नेमकं शनिवारीच? ग्रुपवर टाकू का?" आपलं आतडं सोसायटीच्या ग्रुपवर जाणं परुळेकरांना रुचलं नाही. जाईला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. ती लगेच "बाबा, तुम्ही आता इकडेच या, एकटे राहू नका" हे सुरू करणार. मग मुद्दा निघणार, की तिथे आहे कोण तुमचं? आणि या प्रश्नाला परुळेकरांकडे उत्तर नव्हतं. म्हणून ते हा प्रश्न कोणाला विचारू देत नसत.

"मोबाईल, घड्याळ, चष्मा सगळं इथे ट्रेमध्ये द्या," वैष्णवी म्हणाली. "मुलगा आला की सही घेते. तुम्ही गाउन घाला."

तो गाउन पाठीमागे नाड्यांनी बांधायचा होता. वरची नाडी शाबूत होती, खालची कोणत्या तरी आधीच्या पेशंटबरोबर गेली होती. एकटा माणूस पाठीमागची नाडी कशी बांधणार, याचा विचार ज्याने गाउन शिवला त्याने केला नसावा. परुळेकर पाठ भिंतीला घासत घासत बाकापर्यंत आले आणि बसले.

तपासणी करणारा निखिल हसतमुख मुलगा होता. त्याने एक भलामोठा ग्लास आणला. आत भिंतीला द्यायच्या पांढऱ्या रंगासारखं दाट काही तरी होतं.

"काका, हे बेरियम. आरामात प्यायचं. स्ट्रॉबेरी फ्लेवर आहे, टेन्शन नाय."

परुळेकरांनी घोट घेतला. स्ट्रॉबेरीचं नाव फक्त निखिलने घेतलं होतं, ग्लासात ती नव्हती.

"आता हे पोटातून लहान आतड्यात उतरणार," निखिल समजावू लागला. "एक्स-रेमध्ये ते पांढरं दिसतं. कुठे अडतंय, कुठे आतडं आखडलंय, सगळं कळतं. थोड्या थोड्या वेळाने फोटो काढायचे. मधे मी पोट जरा दाबीन, बस. मोठ्या आतड्यापर्यंत पोचलं की सुट्टी. कोणाचं दीड-दोन तासात होतं, कोणाला अख्खा दिवस लागतो."

"म्हणजे प्लंबर वरून रंगाचं पाणी सोडून गळती शोधतो, तसंच की."

"एकदम करेक्ट काका!" निखिल खूश झाला. परुळेकरांचा ग्लास मात्र तोंडाशीच थांबला. आज महिन्याचा पहिला शनिवार असल्याचं त्यांना आठवलं होतं.

पहिला शनिवार हा गळतीचा दिवस. परुळेकरांच्या बाथरूमच्या छतावर पिवळा डाग होता आणि तो वरच्या मजल्यावरच्या शहाजी भोईट्यांच्या बाथरूममधून आला होता, हे सोसायटीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. भोईटे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून पाठ झिजवलेले. बायको वेणूबाई गावी, धाकट्या मुलाकडे. इथे थोरला कुलदीप, तो उरणला कंटेनर यार्डात रात्रपाळीला. तो दिवसभर झोपायचा, म्हणून दिवसभर भोईट्यांच्या घरात टीव्ही नाही, भांड्यांचा आवाज नाही, खोकायचं ते गॅलरीत जाऊन. दर पहिल्या शनिवारी सकाळी परुळेकर वर फोन करायचे, "भोईटे, पाणी गळतंय." भोईटे खाली यायचे, डागाखाली उभे राहायचे, हात लावायचे आणि म्हणायचे, "कुटं गळतंय वो? कोरडं ठक्क हाय." मग परुळेकर म्हणायचे, "दिवसा सुकतं." तिथून जे भांडण सुरू व्हायचं ते चांगलं तासभर चालायचं. मधे घसा कोरडा पडला की परुळेकर चहा टाकायचे. कधी प्लंबर गोटीरामलाही बोलावणं जायचं, पण हल्ली तो फोन उचलत नसे. महिन्याभरात परुळेकरांच्या घरी चहाचे दोन कप एकत्र धुतले जायचे ते तेवढेच.

"काका, तुमचा मुलगा अजून पार्किंगमध्येच?" वैष्णवीने विचारलं.

"जागा मिळत नसेल हो. शनिवार आहे."

बाकावरच्या सगळ्यांना हे पटलं. एका गृहस्थांनी गाडी लावून परत येईपर्यंत आपल्या सासूबाईंचं प्लॅस्टर निघालं होतं हे सांगितलं. तेवढ्याने थांबलं असतं तर बरं होतं. पण वैष्णवी मनाने चांगली होती. तिने सिक्युरिटीवाल्याला बोलावलं.

"मदत कर जरा ह्यांच्या मुलाला. काका, गाडी कुठली?"

"पांढरी."

"कंपनी?"

"चारचाकी," परुळेकर म्हणाले.

सिक्युरिटीवाला बराच वेळाने घाम पुसत परत आला. रस्त्यावर सगळ्या गाड्या पांढऱ्याच होत्या. त्याने प्रत्येकीच्या काचेवर टकटक करून "परुळेकर काय?" विचारलं होतं. एक जण हो म्हणाला, पण त्याला पत्ता विचारायचा होता.

तेवढ्यात ट्रेमधला मोबाईल वाजला. वैष्णवीने तो झडप घालून उचलला.

"हॅलो सर, पार्किंग मिळालं का?"

"कसलं पार्किंग?" पलीकडचा आवाज स्पीकर नसतानाही अख्ख्या हॉलला ऐकू आला. "कोन बोलतंय? सायब कुटं हायत?"

"काका एक्स-रेला आलेत. तुम्ही त्यांच्या घरचेच ना?"

"एक्स-रे? काय मोडलं? कुटं हाय ह्ये? पत्ता सांगा आदी."

वैष्णवीने पत्ता सांगितला. मग फोन ठेवला आणि शांतपणे परुळेकरांकडे पाहिलं.

"काका, तुमचा मुलगा निघालाय. पण त्याला सेंटर कुठे आहे तेच माहीत नाही. मग तो सकाळपासून गाडी कुठे लावतोय?"

सगळा बाक परुळेकरांकडे बघू लागला.

"जरा विसराळू आहे तो," परुळेकर म्हणाले आणि त्यांनी बेरियमचा उरलेला भाग एका दमात संपवला.

थोड्याच वेळात दार ढकलून भोईटे आत आले. पांढऱ्या झुपकेदार मिशा, डोक्यावर टोपी, हातात स्टीलचा डबा. रिक्षावाल्याशी भांडून आल्याने आवाज आधीच वर चढलेला होता.

"परुळेकर सायब!"

वैष्णवीने त्या मिशांकडे पाहिलं, परुळेकरांकडे पाहिलं. "हे तुमचे चिरंजीव?"

"भाऊ," परुळेकर कसेबसे म्हणाले. "धाकटा."

भोईट्यांना प्रकरण कळलं नव्हतं. पण आपल्या टोळीतला माणूस अडचणीत असेल तर आधी हो म्हणायचं आणि मग विचारायचं, ही मार्केटातली सवय कामाला आली. "व्हय, व्हय. थोरला हाय ह्यो माझा," असं म्हणून त्यांनी बोट ठेवलं तिथे सही ठोकली. एक परुळेकर, दुसरा भोईटे, हे वैष्णवीने वाचलं, पण सकाळपासून तिचंही डोकं फिरलं होतं.

मग भोईटे बाकावर टेकले आणि खालच्या आवाजात बोलू लागले. त्यांचा खालचा आवाज काउंटरपर्यंतच पोचायचा.

"पयला शनिवार, आन् फोन न्हाई. म्हनलं, आसं कदी झालं न्हाई. वाट बगितली. मग खाली आलो तर कुलूप. वॉचमन म्हनला, मोठी फाईल घिऊन रिक्षात बसलं, तोंड हे एवडंसं. मला सांगायला काय झालं हुतं?"

"तुमचं-माझं भांडण आहे, भोईटे. भांडणाऱ्याला कोणी नातेवाईक म्हणून आणतं का?"

"भाऊबंदच भांडत्यात की! दुसरं कोन भांडनार?" भोईट्यांनी डबा उघडला. भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. वासाने परुळेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या पोटात पावडर आणि रंग सोडून काही गेलं नव्हतं.

"नो नो नो काका!" निखिल आतून धावत आला. "फूड नाय चालणार. तपासणी संपेपर्यंत कायपण नाय."

भोईट्यांनी झाकण लावलं. "मग मीबी न्हाई खात."

"तुम्ही खा हो. तुमची काय तपासणी आहे?"

"न्हाई म्हनलं ना."

परुळेकरांनी त्या बंद डब्याकडे पाहिलं. आपल्यासाठी कोणी तरी जेवायचं थांबलंय, हे घरी बायको असताना व्हायचं. ऑफिसातून उशीर झाला की पानं तशीच मांडलेली असायची आणि ते तिला रागवायचे, की जेवून घ्यायचं ना. रागवायला नको होतं, असं त्यांना आता वाटलं.

निखिलने फोटोला बोलावलं. परुळेकर उठले, आणि भोईट्यांचं लक्ष त्यांच्या पाठीकडे गेलं.

"सायब, थांबा! मागनं समदं हवेशीर हाय!"

हॉलमध्ये बायकामाणसं होती. भोईट्यांनी स्वतःची टोपी काढून आधी झाकायचा प्रयत्न केला, ते पुरेना. शेवटी बाकावरच्या एका बाईंपुढे त्यांनी हात पसरला. "ताई, पिन हाय का एकादी?" ताईंनी पदराची मोठी सेफ्टी पिन काढून दिली. भोईट्यांनी गाउनची दोन्ही टोकं कमरेशी ओढून पिन लावली आणि गोणीचं तोंड शिवून झाल्यासारखी वर एक थाप मारली. "आता जावा बिनघोर."

परुळेकर बिनघोर गेले, उताणे झोपले, श्वास रोखला. निखिलने फोटो काढला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"काका, तुम्ही कधी काय गिळलंय का? म्हणजे... पिन वगैरे?"

"पिन?"

"सेफ्टी पिन. आतड्यात दिसतेय. चांगली मोठी."

परुळेकर बाकावर बसले. त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या दोन-तीन वर्षांतली सगळी जेवणं सरकून गेली. पोळीभाजी केंद्राचा डबा. मोबाईल समोर ठेवून, बातम्या ऐकत, पानाकडे न बघता गिळलेले घास. काय खाल्लं ते त्यांना कधीच आठवायचं नाही. त्यात एखादी पिन गेली नसेल असं ते शपथेवर सांगू शकत नव्हते.

"असेल," ते खचून म्हणाले. "गेली असेल एखादी. म्हणूनच दुखतंय."

"उगडी हाय का मिटल्याली?" भोईट्यांनी विचारलं.

"मिटलेली."

"देव पावला!" भोईट्यांनी भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याला नमस्कार केला.

निखिलने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, हात लावू नका, मी येतो, ऑपरेशनला पाठवावं लागेल. ऑपरेशन हा शब्द ऐकताच वैष्णवीने फॉर्मवरच्या तातडीच्या नंबरला फोन केला. परुळेकर सूचना पाळणारे होते, म्हणून त्यांनी तिथे जाईचा खरा नंबर लिहिला होता.

डॉक्टर आले. फोटो उजेडाला धरून पाहू लागले. सगळा हॉल उभा राहिला. तेवढ्यात सोनोग्राफीला ताईंचा नंबर पुकारला गेला. त्या पदर सावरत भोईट्यांजवळ आल्या आणि संकोचून म्हणाल्या, "भाऊ, तेवढी माझी पिन देता का? पदर राहत नाही."

डॉक्टरांनी फोटो खाली घेतला. मग सगळ्यांनी एकदम परुळेकरांच्या पाठीकडे पाहिलं.

डॉक्टर जे काही बोलले ते त्यांच्या पदवीला शोभणारं नव्हतं. निखिल त्यांच्या मागे "सॉरी सर, सॉरी सर" करत आत गेला. भोईट्यांनी पिन सोडवून ताईंना परत केली आणि गाउनची टोकं स्वतःच्या मुठीत धरून उभे राहिले.

"झालं ते बरं झालं," ते म्हणाले. "पिनीचा मालक सापडला."

"पण काका..." वैष्णवीचा चेहरा रडवेला झाला होता. "मी तुमच्या मुलीला फोन केला. सांगितलं, पोटात पिन आहे, ऑपरेशन करणार. आता तिचा फोन सारखा एंगेज लागतोय."

परुळेकरांना पिनीच्या बातमीने बसला नव्हता तो धक्का आता बसला. जाई विमानाचं तिकीट काढत असणार. उद्या सकाळी ती दारात उभी राहणार, कपाट उघडणार, बॅग भरणार. आणि आजचा इथला प्रकार बघितलेल्या कोणालाही विचारलं तरी ती बरोबरच ठरणार होती.

इकडे बेरियम जागचं हलेना. पुढचा फोटो काढला, त्याच्या पुढचा काढला. निखिलने त्यांना उजव्या कुशीवर झोपवलं, पोट दाबलं, पुन्हा फोटो काढला. पांढरं औषध वरच्याच वळणावर बसून राहिलं होतं.

"काका, तुम्ही टेन्शन घेतलंय. टेन्शन घेतलं की आतडी पण थांबतात. जरा चाला. बाहेर पॅसेजमध्ये फिरा. गप्पा मारा कायतरी."

दोघं पॅसेजमध्ये फिरू लागले. पुढे परुळेकर, मागे गाउन धरून भोईटे. गप्पा मारायच्या तर विषय एकच येत होता.

"गळतंय अजून, भोईटे," परुळेकर सवयीने म्हणाले.

"न्हाई गळत."

"परवाच ओल दिसली."

"न्हाई दिसली." भोईटे थांबले, त्यामुळे परुळेकरांनाही थांबावं लागलं. "सायब, दोन वर्सांमागं म्या आख्खं बाथरूम फोडलं. फरशी, पाईप, समदं नवं. तवापासनं एक थेंब न्हाई. ह्ये मला ठाव हाय, गोटीरामला ठाव हाय. आन् तुमालाबी ठाव हाय."

पॅसेजच्या टोकाला खिडकी होती. खाली रस्त्यावर पांढऱ्या गाड्या एकीमागे एक जागा शोधत फिरत होत्या. परुळेकरांनी त्यातली एक गाडी तिसऱ्यांदा फिरून जाताना पाहिली.

"हो," ते म्हणाले. "माहीत आहे."

"मग?"

"मग काय, भोईटे. त्या दिवशी कोणी तरी येतं हो. बेल वाजते. बाकी कोण येतं? कुरिअरवाला पण हल्ली वॉचमनकडे ठेवून जातो." एवढं बोलून गेल्यावर ते एकदम रागावले. "आणि तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही दर वेळी खाली कशाला येत होता? सरळ सांगायचं ना, की येत नाही म्हणून!"

"तुमी बोलावत हुता," भोईटे म्हणाले. "आन् मला तरी कोन बोलावतंय? वर ह्यो पोरगा झोपल्याला. शिंकायचं म्हनलं तर गच्चीवर जावं लागतं. तुमच्याकडं येऊन जरा मोकळ्या गळ्यानं वरडता तरी येतं."

यावर परुळेकर हसले. पोट धरून हसले. पोट रिकामं असल्याने ते दुखायला लागलं तरी हसत राहिले, आणि मागे भोईटे गाउन धरून हसत राहिले. ते तसेच दोन-तीन फेऱ्या मारून आत गेले. निखिलने फोटो काढला आणि बाहेर येऊन त्याने दोन्ही अंगठे वर केले.

"काका, सुटलं! सरसर गेलं खाली. मोठ्या आतड्यापर्यंत पोचलं पण. काय केलंत?"

"भांडलो," भोईटे म्हणाले.

डॉक्टरांनी या वेळी फोटो दोनदा पाहिला. कुठे अडलेलं नव्हतं, कुठे आखडलेलं नव्हतं. आतडं धडधाकट होतं, फक्त हळू चालायचं. रिपोर्ट सोमवारी घ्या, आता भरपूर पाणी प्या, दोन-तीन दिवस शौचाला पांढरं होईल, घाबरून परत येऊ नका. वेळेवर आणि नीट चावून जेवा. एवढं सांगून ते घाईने गेले.

परुळेकर कपडे बदलून येतात तो मोबाईल वाजला. जाई. चष्मा ट्रेमध्येच होता, त्यामुळे भलतंच बटण दाबलं गेलं आणि तिचा आवाज हॉलभर झाला.

"बाबा! कसे आहात? मी उद्या सकाळी येतेय. मी तिकीट काढलंय, तुमचंही काढलंय, येतानाचं."

"अगं जाई, पिन बाहेर होती. म्हणजे गाउनला. मी ठणठणीत आहे."

"मला काही सांगू नका. तुम्ही एवढी तपासणी करायला एकटे गेलात, मला कळवलंही नाहीत! बास झालं बाबा. आता इकडे यायचं. तिथे आहे कोण तुमचं?"

शेवटी तो प्रश्न आलाच. परुळेकरांनी बाकाकडे पाहिलं, वैष्णवीकडे पाहिलं. वैष्णवीने मान खाली घातली.

"अगं, घर असं टाकून कसं येणार? ते... लीकेजचं प्रकरण..."

"बाबा, पुन्हा ते लीकेज! किती वर्षं झाली!"

भोईट्यांनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"ताई, मी वरचा भोईटे बोलतोय. गळतीवाला."

जाईने हे नाव लगेच ओळखलं. गेली कित्येक वर्षं दर रविवारी बाबांच्या फोनमध्ये ती फक्त याच एका माणसाबद्दल ऐकत आली होती. "बोला," ती म्हणाली.

"ताई, चूक माझी हाय. सायब म्हनत्यात ते खरं हाय. गळती माझ्याच घरातनं हाय. लई मोठी गळती हाय."

परुळेकर बघतच राहिले. जो माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटून एक थेंब कबूल करत नव्हता, तो चारचौघांत, स्पीकरवर कबुलीजबाब देत होता.

"मग दुरुस्त करा ना ती!" जाई म्हणाली.

"करतोय की. पर ही गळती सहजी थांबनारी न्हाई, ताई. दर म्हैन्याला येऊन बगावं लागतंय. आता तर मी म्हनतो, दर आठवड्याला बगावं. आन् त्याला खाली सायब पायजेत. सायब गेलं तर मला गळतंय का न्हाई ह्ये सांगनार कोन?"

जाईचा चढलेला आवाज खाली आला.

"काका," मग तिने हळू विचारलं, "तुम्ही आज सकाळपासून बाबांबरोबर आहात?"

"व्हय."

"जेवलात?"

"आता जेवतो, दोगं बी."

"ठीक आहे," ती म्हणाली. "बाबांना सांगा, त्यांचं तिकीट मी रद्द करते. मी एकटीच येते, दोन दिवस राहून जाईन. आणि काका... ते लीकेजचं काम सावकाश करा. घाई करू नका."

दोघांनी सेंटरच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली. सिक्युरिटीवाल्याने दोनदा हटकलं आणि तिसऱ्यांदा ठेचा घेऊन गेला. रिक्षात परुळेकरांनी डॉक्टरांची सूचना पुन्हा म्हणून दाखवली, भरपूर पाणी प्या.

"प्या की," भोईटे म्हणाले. "कमी पडलं तर वरनं सोडतो."

जाई आली, राहिली, डाग बघून गेली. रंगवून घेऊ या का, असं तिने एकदाही विचारलं नाही.

दर आठवड्याला बघायचं ठरलं होतं तरी पुढच्या शनिवारी परुळेकरांनी फोन केला नाही. केला कसा असता? सगळं उघड झालं होतं. आता कोणत्या तोंडाने पाणी गळतंय म्हणायचं? ते सकाळपासून मोबाईल हातात घेऊन आरामखुर्चीत बसले होते. पोळीभाजीचा डबा आला तो तसाच राहिला. घर नेहमीसारखंच होतं, पण आज जास्त शांत वाटत होतं.

बेल वाजली. दारात भोईटे उभे होते, टोपी, मिशा, हातात स्टीलचा डबा.

"काय वो सायब? फोन न्हाई आज. गळायचं थांबलं का काय?"

परुळेकरांनी आत वळून बाथरूमच्या छताकडे पाहिलं. दोन वर्षांपासून कोरडा असलेला पिवळा डाग जागच्या जागी होता.

"छे हो," ते म्हणाले. "आज तर जरा जास्तच आहे. या, आत या."

"दिवसाबी गळाय लागलं?"

"दिवसाही," परुळेकर म्हणाले आणि दोन कप चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेले.